बहिणीच्या खोलीतला प्लग

माझी धाकटी बहीण मिरजेहून परत आली तेव्हा काखेपासून पार मांड्यांपर्यंत प्लास्टरमध्ये होती. कण्याच्या हाडाला क्षय लागला आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याला औषध असं नव्हतं. पाठ हलू द्यायची नाही, उताणं पडून राहायचं, दूध-अंडी खायची आणि दिवाळीच्या सुमारास प्लास्टर बदलायला परत यायचं, एवढंच. आम्ही लिंगायत. अंडी घरात येणार नव्हती, तेव्हा अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, दुधावरच भागवायचं ठरवलं. सोलापूरपर्यंत आगगाडी, पुढं मोटारीच्या मागच्या बाकावर आडवी, आणि सडकेपासून गावापर्यंत बैलगाडीत भुसकटाच्या थरावर. गाडी दगडावर आदळली की ती डोळे मिटायची, पण ओरडली एकदाही नाही. घरी पोचल्यावर म्हणाली, "अण्णा, आता मला पुन्हा कुटं नेऊ नगा. लई हाल होत्यात."

आमचं गाव उमरग्याच्या बाजूचं. निजामाचा मुलूख, आणि थोडं दक्षिणेला गेलं की सगळी कानडीच. आमच्या घरात दोन्ही भाषा चालायच्या. अव्वा रागावली की कानडीत, लाडात आली की मराठीत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी सोलापूरच्या एका गिरणीत वायरमनच्या हाताखाली शिकलो होतो, पण ते गेल्यावर गावी परतलो आणि इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनवर लागलो. जिनच्या मालकाला सगळं गाव अप्पा म्हणायचं. हिवाळ्यात कापूस, आणि तो मोसम संपला की त्याच इंजिनावर सरकीचं तेल काढायची घाणी. इंजिनाला अप्पांनी एक डायनामो जोडून घेतला होता. गावात वीज म्हणायची ती तेवढीच: अप्पांच्या घरात, जिनमध्ये, आणि आमच्या घराच्या एका खोलीत.

आमच्या घरात वीज असायचं कारण असं की ते घर अप्पांचंच होतं. जिनच्या भिंतीला भिंत लागून. माझ्या आधी तिथं जिनचा जुना मिस्त्री राहायचा. त्यानं स्वतःच्या सोयीसाठी तार ओढून मधल्या खोलीत एक दिवा आणि एक प्लग बसवून घेतला होता. तो कधीच गाव सोडून गेला होता. दिवा आम्ही वापरायचो. प्लगाची दोन भोकं मात्र अव्वानं भिंत सारवता सारवता पांढऱ्या मातीनं बुजवून टाकली होती, कारण प्लगात लावायला आमच्याकडं होतं काय?

बहिणीला आम्ही त्याच मधल्या खोलीत ठेवली. खोली माळवदाची, एकच झरोका, तोही जिनच्या बाजूला. चैत्र संपला आणि ऊन तापायला लागलं. प्लास्टरच्या आत घाम साचायचा आणि तो सुकायचा नाही. खाज सुटली की ती ओठ दातात धरायची. हाताला लागेल ते आत घालून खाजवायला बघायची आणि अव्वा तिचा हात धरून ठेवायची. तिचं सासर आळंदकडचं. नवरा एकदा बघायला येऊन गेला. उंबऱ्यातच उभा राहिला, आत आला नाही. पुढं महिन्याभरात त्याच्या चुलत्यानं निरोप आणला की ते दुसरं लग्न करून घेतायत. तिला सांगायला कुणी धजेना. तिनंच मला विचारलं, "चुलतसासरे का आले हुते, ते समजलंय मला. तुमी तोंड का लपवताय?"

एका दुपारी अप्पा तिला बघायला आले. तिच्या कपाळाला विभूती लावली, थोडा वेळ बसले आणि बाहेर आल्यावर धोतराच्या सोग्यानं मान पुसत मला, धाकट्या भावाला म्हणावं तसं, म्हणाले, "तम्मा, आत भट्टी हाय रे नुसती. माझ्या पेढीच्या गादीवर तो जुना पंखा पडलाय, तो आण. आन् तुझ्या घरात प्लग हाय न्हवं?"

मी त्याच दिवशी पंखा आणला. काळा, जड, बिडाच्या बैठकीचा टेबलपंखा. प्लगातली माती कोरून काढली. आतले पितळी तुकडे हिरवे पडले होते. इंजिन बंद असताना ते कानशीनं घासले, स्क्रू आवळले आणि दुपारी इंजिन सुरू झाल्यावर पिन घातली. पंखा आधी कण्हला, मग फिरला. बहिणीनं तोंड त्या बाजूला वळवलं. तिचे केस कपाळावरून उडाले. अव्वा दाराच्या चौकटीला धरून बघत होती. मग बहीण म्हणाली, "अव्वा, तू पन ये की हितं. वारं हाय बघ."

थोडेच दिवस ते सुख लाभलं. एक दिवस मी जिनमध्ये असताना अव्वाचा निरोप आला, पंखा बंद पडला. मला वाटलं, पंख्याच्या मोटारीतले कोळशाचे ब्रश झिजले असतील. पंखा उचलून जिनमध्ये नेला, तिथल्या प्लगला लावला. छान फिरला. म्हणजे दोष पंख्यात नव्हता. परत आलो. होल्डरला दोन तारा जोडून केलेला तपासणीचा दिवा माझ्याकडं होता, तो बहिणीच्या प्लगाला लावला. तोही पेटला. म्हणजे प्लगात वीज होती. मग पुन्हा पंखा लावला, तर ढिम्म.

बहीण पडल्या पडल्या हे सगळं बघत होती. "दिवा पेटतोय आन् पंखा फिरंना, असं कसं व्हय?"

मलाही कळेना. मी पिन काढायचो, घालायचो, कान लावून ऐकायचो. शेवटी दिवा आणि पंखा दोन्ही एकाच प्लगावर लावून बघितले. पंखा जोडला रे जोडला की दिव्याची तार निखाऱ्यासारखी लाल पडायची. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी तिला सांगितलं, "पाटात कुठंतरी गाळ अडकल्यावर कसं होतं? एक घागर भरंल एवढं पाणी येतं, पण वाफा भिजत नाही. दिव्याला थोडी वीज पुरते. पंख्याला जास्ती लागते. मधी कुठंतरी जोड सैल हाय."

"मंग तो जोड हुडका की."

बोलायला सोपं होतं. आधी प्लगाचा लाकडी ठोकळा काढला, तारांची टोकं नव्यानं सोलून आवळली. बटण उघडून साफ केलं. फ्यूजची तार बदलली. पंखा फिरला. दुसऱ्या दिवशी बंद पडला. मी सामान घेऊन घरी यावं तर आपोआप सुरू झालेला. मी जिनला परतावं तर पुन्हा बंद. कायमचा बिघडलेला प्लग परवडला. अधूनमधून बिघडणारा माणसाचा जीव खातो, कारण आपण बघायला जावं त्या वेळी तो शहाण्यासारखा चालतो. असे कितीतरी दिवस गेले. अव्वा म्हणाली, "आरं, लावूच नगं तो पंखा. आशा तरी लागत न्हाय."

पण बहिणीला दुसरं काम नव्हतं. ती उताणी पडून ऐकत असायची. भिंतीपलीकडं कुणाची गाय हंबरली, कुणाच्या घरी भांडण लागलं, सगळं तिला कळायचं. एक दिवस मी जेवायला आलो तर म्हणाली, "अण्णा, शेजारच्या काकू जात्यावर बसल्या की पंखा मरतोय."

"काहीतरीच बोलतीस."

"न्हाय वं. तीन-चार दिस झालं, मी ध्यान देऊन ऐकतीया. जातं थांबलं की कधी चालू होतोय, कधी होत न्हाय. पन मरतोय तो जातं फिरताना."

शेजारच्या काकू विधवा होत्या, लोकांच्या तुरीची डाळ भरडून द्यायच्या. त्यांचं जातं आमच्या मधल्या भिंतीला टेकूनच होतं. मी जाऊन म्हटलं, काकू, जरा वेळ जातं ओढा. डाळ नसली तरी ओढा. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. पण बसल्या. इकडं मी प्लगाला दिवा आणि पंखा लावून उभा राहिलो. जात्याची घरघर सुरू झाली, भिंत हलकीशी थरथरली, आणि पंखा मंदावत मंदावत थांबला. दिवा लालसर झाला.

"बघा! सांगत हुते न्हवं?" बहीण हसली. मिरजेहून आल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

इंजिन बंद झाल्यावर मी भिंतीवरची लाकडी पट्टी उचकटायला लागलो. तार त्या पट्टीच्या खाचेतून गेलेली होती, पण देवळीजवळ ती पट्टी संपत होती आणि पुढं दोन हात तार तशीच मातीच्या गिलाव्यात गाडलेली होती. मिस्त्रीला पट्टी कमी पडली असावी. तिथला गिलावा ठोकून काढला. आत दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या. कथील वितळवून डाग दिलेला नाही, वरून चिंधी गुंडाळलेली. चिंधी कुजून गेली होती आणि तांबं काळं ठिक्कर पडलं होतं. भिंत थरथरली की तो पीळ सुटायचा. मी तांबं घासलं, नव्यानं पीळ दिला, स्टोव्हवर डागणीचं लोखंड तापवून कथलाचा डाग दिला, काळी चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी काकूंनी कितीही डाळ भरडली तरी पंखा थांबला नाही.

त्यानंतरचे काही दिवस आमच्या घरात माणसांचा राबता असायचा. पंखा बघायला म्हणून बायका यायच्या, बहिणीजवळ बसायच्या, पदर सैल करून वारं घ्यायच्या. काकू तर डाळ पाखडायला इकडंच येऊन बसायच्या. बहीण सगळ्यांना ती जात्याची गोष्ट सांगायची. तिची भूक सुधारली. अव्वा चोरून माझ्याकडं बघायची आणि मी तिच्याकडं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही पेशंट बरे होतात. आम्ही ते वाक्य मनात धरून बसलो होतो.

मग एका दुपारी जिनमध्ये फट् असा आवाज झाला आणि अप्पांच्या घरातला आणि आमच्या घरातला करंट एकदमच गेला. फ्यूज उडाला होता. नवीन तार घातली, तीही उडाली. आमच्या घराकडची लाईन तोडली तेव्हा अप्पांच्या घरचे दिवे आले. म्हणजे दोष आमच्याकडंच. मी घरी येऊन पट्टी खालपासून वरपर्यंत उघडली. तारांवरचं रबर बोट लावलं की भुगा होऊन पडत होतं. इतकी वर्षं ती तार हलली नव्हती म्हणून रबर आपल्या जागी होतं. मी जोड दुरुस्त करताना ती ओढली, वाकवली, आणि सगळ्या लांबीभर तिला तडे गेले. कुठंतरी दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. एक जागा दुरुस्त करावी तर दुसरी उघडी पडायची. हा आता जोडाचा प्रश्न राहिला नव्हता. सबंध तारच बदलायला पाहिजे होती.

अप्पा दारात येऊन उभे राहिले. घाणी तेवढा वेळ थांबली होती. मला वाटलं बोलतील. ते म्हणाले, "इरलि, तम्मा. घाणीचं राहू दे. पोरीसाठी तार कुटं मिळंल ते बघ आदी."

जर्मन-जपानची मोठी लढाई संपली होती, पण तार अजून दुकानात दिसत नव्हती. मी नळदुर्गावरून सोलापूरला गेलो. पेठेतली दुकानं पालथी घातली. जो तो म्हणायचा, परमिट आणा. निजामाच्या हद्दीतल्या माणसाला इंग्रजी हद्दीत परमिट कोण देणार? शेवटी माझ्या जुन्या गिरणीत गेलो. तिथल्या एका सोबत्यानं खात्यातल्या साहेबाला विचारून मोडीत काढलेल्या तारेचे तुकडे दिले. हातभर, दोन हात, चार हात असे. रबर बऱ्यापैकी होतं. मी ते वळकटीत बांधून निघालो.

परतताना नाक्यावर मोटार थांबली. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, शिपायानं वळकटी उलगडायला लावली.

"ये क्या लेको जा रे जी? तार का धंदा है क्या तुम्हारा?"

"नहीं साब. घर में बहन बीमार है. पंखे के वास्ते."

"पंखा? गांव में?" त्याला खरं वाटेना. मग त्यानं ते तुकडे हातात घेऊन बघितले. असल्या तुकड्यांचा धंदा कोण करणार, हे त्यालाही पटलं असावं. "क्या हुआ बहन को?"

मी पाठीवर हात ठेवून दाखवलं. त्यानं वळकटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "बांध लो. अल्ला सेहत दे."

त्या तुकड्यांना डाग देऊन एक सबंध लाईन करायला बरेच दिवस लागले. प्रत्येक जोड मी जिनमध्येच इंजिनावर तपासला. तार नव्या वाटेनं नेली, भिंतीच्या आत कुठं गाडली नाही. प्लगाचा ठोकळासुद्धा शिसवी लाकडाचा नवा केला. पंखा फिरला. पण तोवर उन्हाळा सरला होता, आणि बहिणीला वाऱ्याची पहिल्यासारखी ओढ राहिली नव्हती. आपल्या पायांत मुंग्या येतात, असं ती सांगू लागली होती. पुढं मुंग्याही येईनाशा झाल्या. अव्वा तळवे चोळायची आणि विचारायची, "कळतंय का?" ती म्हणायची, "कळतंय." एकदा अव्वा पाय चोळायची थांबली होती आणि भिंतीकडं बघत बसली होती, तरी बहीण म्हणाली, "कळतंय, अव्वा." तेव्हा आम्हाला कळलं.

त्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला. आमच्याकडं झाला नाही. निजामाचा मुलूख तसाच राहिला आणि सोलापूरकडच्या वाटेवर भीती पसरली. सरहद्दीवर गोळीबार होतो म्हणायचे, गावं जळाली म्हणायचे. कुठलं खरं, कुठलं खोटं, कळायला मार्ग नव्हता. मोटारी कधी यायच्या, कधी आठवडाभर फिरकायच्या नाहीत. दिवाळी आली. प्लास्टर बदलायला मिरजेला न्यायची वेळ आली. मी मोटारवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "धडधाकट माणसाला नेण्याची हमी न्हाय माझ्याजवळ, आन् तुमी आजारी बाई न्या म्हणताय?" उमरग्याच्या डॉक्टरांना गाडी करून आणलं. त्यांनी प्लास्टरवर बोटं वाजवून बघितली, वास घेतला, आणि म्हणाले की हे इथं कापायची माझी छाती नाही. ज्यांनी घातलं त्यांनीच काढावं. प्लास्टर राहिलं. आत जखमा झाल्या असणार, ते वासावरून समजत होतं. बहीण रोज अव्वाला ऊद घालायला सांगायची. लोक यायचे कमी झाले. काकू मात्र येत राहिल्या.

हिवाळ्यात कापूस थोडाच आला. उमरग्याच्या पेठेतले व्यापारी लुटालुटीच्या भीतीनं एकेक करून सोलापूरला, बार्शीला निघून जायला लागले. एका सकाळी अप्पांनी मला बोलावलं. बैलगाड्या जुंपून तयार होत्या, बायका-पोरं गाड्यांत बसलेली. अप्पांनी जिनच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

"तूही चल म्हणलो असतो," ते म्हणाले. "पर तिला कशी हलवशील?"

"न्हाय हलवता येणार, अप्पा."

"क्रूड तेल टाकीच्या बुडाला आलंय. आता येणारबी न्हाय. जेवढं हाय तेवढं पोरीसाठी जाळ. मी कधी येईन ते शिवालाच ठाऊक."

मी ते तेल काटकसरीनं वापरलं. शिमग्यानंतर ऊन चढलं तसं भर दुपारी थोडा वेळ इंजिन लावायचो. ओसाड जिनमध्ये ते धडधडायचं, आणि एवढं मोठं धूड एका टेबलपंख्यासाठी फिरतंय हे बघून मला वेड्यासारखं वाटायचं. गावातल्या जाणत्या माणसांनी येऊन समजावलं की असल्या दिवसांत इंजिनाचा आवाज करू नको, नको त्यांचं लक्ष जाईल. मग आवाजाचा प्रश्नच मिटला. टाकी कोरडी झाली.

प्लगात आता काही बिघाड नव्हता. जोड पक्के होते, रबर चांगलं होतं, पितळ चकचकीत होतं. मी तरी दिवा घेऊन तो तपासायचो. का तपासायचो ते सांगता येणार नाही. हात रिकामे बसायला तयार नव्हते. एकदा तिनं मला तसं करताना बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, तुमच्याकडनं काय ऱ्हायलं न्हाय. बसा जरा."

मी तिच्याजवळ बसलो.

"तो पंखा तेवढा माझ्या म्होरनं उचला. फिरंल, फिरंल असं वाटत ऱ्हातंय."

मी पंखा उचलून जिनमध्ये नेऊन ठेवला. त्या उन्हाळ्यात अव्वा, काकू आणि मी पाळीपाळीनं शिंदीच्या पानांच्या पंख्यानं वारं घालायचो. हात भरून यायचा, मग दुसरा माणूस बसायचा. बहीण फारशी बोलत नसे. कधी कधी लहानपणीचं काहीतरी कानडीत बोलायची. नवऱ्याचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. एकदा तिनं अव्वाला विचारलं की तिकडं त्यांना मूल झालं का? अव्वा म्हणाली, "काय म्हायती." झालं होतं. आम्हाला ठाऊक होतं. तिलाही बहुतेक ठाऊक असावं.

आषाढ संपता संपता तिला ताप भरला. दोन दिवस ती अव्वाला ओळखत होती, नंतर नाही. एका सकाळी अव्वा तोंडात दूध घालायला गेली आणि ते ओठाच्या कडेनं परत आलं.

आमच्यात माणूस गेलं की मांडी घालून बसवतात आणि तसंच समाधीत ठेवतात. जंगमस्वामी आले, गावातली उरलीसुरली माणसं जमली. तिला बसवायला धरली तर ती बसेना. प्लास्टर तिला वाकू देत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आडवीच न्या. अव्वा पुढं आली. ती म्हणाली, "माझी लेक बसून जाईल."

मग मी जिनमधून करवत आणि कातर आणली. सगळ्यांना बाहेर काढलं. अव्वा आणि काकू तेवढ्या थांबल्या. मी काखेपासून खाली कापत गेलो. प्लास्टर आतून मऊ पडलं होतं, करवतीला फारसा जोर लागला नाही. दोन्ही बाजू उलगडल्या आणि आम्ही तिची पाठ बघितली. त्या पाठीबद्दल मी इथं लिहिणार नाही. अव्वानं कोमट पाण्यानं ती पाठ धुतली, तान्ह्या लेकराची धुवावी तशी. "आता गार वाटंल गं," असं ती पुटपुटत होती. काकूंना ते ऐकवलं नाही, त्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

तिला बसवता आलं. हलकी झाली होती. गळ्यातलं लिंग स्वामींनी तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. आम्ही तिला आमच्या समाजाच्या जागेत, वडिलांच्या शेजारी ठेवली.

भादव्यात हिंदुस्थानचं लष्कर सोलापूरकडून आलं. सडकेवरून रणगाडे गेले. लोक नाचले, गुलाल उधळला. मीही उभा राहून बघितलं. आनंद झाला नाही असं नाही, पण तो कुणाला जाऊन सांगावा असं घरात कुणी नव्हतं. अव्वा दार लोटून आत बसली होती. सडक मोकळी झाली आणि मोटारी पुन्हा वेळेवर धावायला लागल्या. सोलापूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता यायचं. त्या मोटारी बघितल्या की मला वाटायचं, आता कशाला?

दिवाळीनंतर अप्पा परत आले. वेशीतच त्यांना कळलं होतं. ते आधी स्वतःच्या घरी न जाता आमच्याकडं आले आणि ओट्यावर बसून राहिले. अव्वानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी पाणी घेतलं नाही, तिच्याकडं बघत म्हणाले, "अक्का, मी असतो तरी..." अव्वा म्हणाली, "तुमी असता तरी काय केलं असतं, अप्पा? पानी प्या."

क्रूड तेल मिळायला लागल्यावर जिन सुरू झालं. मी इंजिनावर होतो तिथंच राहिलो, दुसरीकडं जायची इच्छा झाली नाही. पुढं गावात बऱ्याच जणांनी घरात वीज घेतली, आणि कुणाचा दिवा पेटत नाही, कुणाच्या प्लगात ठिणग्या उडतात म्हणून मला बोलावणं यायचं. मी जायचो. बिघाड बहुतेक वेळा सापडायचा. सापडला की घरची माणसं खूश व्हायची, चहा द्यायची, आणि मी अर्धाच कप पिऊन उठायचो.

अव्वा मधल्या खोलीत पुन्हा कधी झोपली नाही. पहिल्या वर्षी ती खोली रिकामी होती. नंतर आम्ही म्हैस घेतली, तेव्हा त्या खोलीत कडबा रचायला लागलो.